चूल तेथे घर : स्थलांतरित कुटुंबे आणि आरोग्याच्या गृहभेटी

(आशा स्वयंसेविका, गटप्रवर्तक व आरोग्यसेविका यांच्या प्रशिक्षण शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा उलटला की मराठवाडा आणि लगतच्या भागातील अनेक गावांचे रूप पालटू लागते. एकेका घराच्या दाराला कुलूप लागते. भांडीकुंडी, पिठामिठाची गाठोडी, अंथरुणे, कोंबड्या आणि शेळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. त्यांच्याच मध्ये लहान मुले बसतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतील ही कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या भागांत आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट या जिल्ह्यांतही ऊसतोडीसाठी जातात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पाच-सहा महिने, उसाच्या पाचटाने शाकारलेली कोपी हेच त्यांचे घर असते.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल या कोयत्यावर मिळते आणि ती दोघांनी मिळून फेडावयाची असते. नवऱ्याने तोडलेल्या उसाची मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहणे, हे काम बहुतेक स्त्रीकडे असते. जोडीतील एकाने काम सोडले तर दुसऱ्याचेही काम थांबते. एक दिवस कामावर न गेल्यास तो ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचा दंड हिशेबातून वजा होतो. दुखणे अंगावर काढण्याची सवय या बायांना का लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे. दवाखाना चार मैलांवर असला, तेथील औषध मोफत असले, तरी तेथवर जाण्याची किंमत एक खाडा असते.

ज्या कुटुंबाला दवाखान्यापर्यंत येणे परवडत नाही, त्याच्यापर्यंत दवाखान्याने जावे, हा गृहभेटीच्या कार्यक्रमामागील मूळ विचार होय. तो आपल्या राज्यात नवा नाही. मात्र घरच गाव सोडून निघाले तर गृहभेट कोठे द्यावयाची, हा आजच्या विषयाचा खरा प्रश्न आहे.

परक्या मुलखातील घरे

हा प्रश्न इतर देशांनाही पडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोप आणि इटलीतून लक्षावधी गरीब कुटुंबे अमेरिकेत येऊन उतरली. न्यूयॉर्क शहराच्या आग्नेय भागातील दाटीवाटीच्या चाळींत ती राहू लागली. त्यांना तेथील भाषा येत नव्हती, रुग्णालयाची भीती वाटत होती आणि मजुरी बुडवणे शक्य नव्हते. लिलियन वॉल्ड ही तरुण परिचारिका त्या वस्तीतील स्त्रियांना गृहशुश्रूषेचे पाठ देत असे. १८९३ साली एके दिवशी एक लहान मुलगी तिला आपल्या बाळंत आईकडे घेऊन गेली. त्या खोलीतील अवस्था पाहिल्यावर वॉल्डने वस्तीतच राहावयाचे ठरविले आणि आपली सहकारी मेरी ब्रूस्टर हिच्यासह घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याचे काम सुरू केले. पुढे त्यातूनच हेन्री स्ट्रीट ही प्रसिद्ध संस्था उभी राहिली. जिने चढण्या-उतरण्यात वेळ जाऊ नये म्हणून एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर ओलांडून जाणारी तेथील परिचारिका छायाचित्रांतून जगाला परिचित झाली.

या कामातील दोन गोष्टी आपल्यालाही ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. परिचारिका त्या वस्तीत राहत असल्यामुळे लोकांनी केव्हाही हाक मारावी, असा विश्वास निर्माण झाला. आणि कुटुंब कोणत्या देशातून आले, कालपरवा आले की वर्षापूर्वी, याची चौकशी करून मग सेवा द्यावयाची, असा प्रकार तेथे नव्हता. दार उघडले की सेवा सुरू होत असे.

गडचिरोलीचा धडा

महाराष्ट्राला याच विचाराचे शास्त्रीय प्रमाण गडचिरोली जिल्ह्याने दिले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून वेळीच उपचार करणे, ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ पासून आशा स्वयंसेविका गावोगाव आल्या. २०११ पासून नवजात बालकांसाठीच्या गृहभेटी हे त्यांचे नेमून दिलेले काम झाले. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यावयाच्या असतात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. २०१८ मध्ये त्यांना तिसरा, सहावा, नववा, बारावा आणि पंधरावा महिना अशा पाच भेटींची जोड मिळाली. म्हणजे बाळ सव्वा वर्षाचे होईपर्यंत कोणीतरी जाणते माणूस त्याच्या घरी निदान अकरा वेळा जाते. एवढी सलग सेवा गरीब कुटुंबाच्या दाराशी पूर्वी कधीही आली नव्हती.

गडचिरोलीच्या गावांत बाळाचे घर ठरलेले होते आणि आरोग्यदूतही त्याच गावची होती. आजचे वेळापत्रकही याच गृहीतावर उभे आहे. ऊसतोडीच्या कुटुंबाच्या बाबतीत नेमके हेच गृहीत कोलमडते.

वेळापत्रक आणि हंगाम

एक कल्पित पण नेहमी घडणारे उदाहरण घेऊ. पाटोदा तालुक्यातील एका गावची स्त्री ऑक्टोबरच्या अखेरीस, आठव्या महिन्यात, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघते. गावात असताना तिची नोंद झालेली आहे, तीन तपासण्या झालेल्या आहेत, लोहाच्या गोळ्या मिळालेल्या आहेत. तिची चौथी तपासणी फडावर असताना यावयाची. डिसेंबरच्या मध्यावर ती बाळंत होते. बाळाच्या बेचाळीस दिवसांतील सर्व भेटी जानेवारीअखेरपर्यंत संपावयाच्या. दीड महिन्याची लस जानेवारीच्या शेवटी, अडीच महिन्यांची फेब्रुवारीच्या शेवटी आणि साडेतीन महिन्यांची मार्चच्या चौथ्या आठवड्यात यावयाची. तिसऱ्या महिन्याची गृहभेटही मार्चमध्येच. ती स्त्री गावी परतते तेव्हा पाडवा जवळ आलेला असतो किंवा उलटून गेलेला असतो. आई आणि बाळ यांच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक शंभर-सव्वाशे दिवस आणि गळीत हंगाम हे दोन्ही एकमेकांवर अचूक बसतात.

गावच्या आशाताईंच्या वहीत या काळात ‘कुटुंब बाहेरगावी’ अशी नोंद असते. ती खोटी नसते. ज्या गावच्या शिवारात कोपी उभी आहे तेथील आशाताईंच्या वहीत त्या कुटुंबाचे नावच नसते, कारण तिची यादी गावच्या सर्वेक्षणावरून झालेली असते. तीही खोटी नसते. दोन्ही वह्या बरोबर आणि बाळ मात्र दोन्हींच्या बाहेर, अशी ही स्थिती आहे. यात कोणा एकीची कुचराई नाही. दोन वह्यांमधल्या वाटेवर कोणीच नेमलेले नाही.

कोपीतले बाळ

कोपीतील भेट गावातील भेटीपेक्षा अधिक गरजेची का, हे समजण्यासाठी तेथील दिवस पाहावा. पहाटेच्या अंधारात जोडपे फडावर निघते. जानेवारीची थंडी असते आणि पाचटाच्या भिंतीतून वारा आत येतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ही थंडी किती लवकर बाधते, हे येथे बसलेल्या प्रत्येकीस ठाऊक आहे. आई थोड्याच दिवसांत पुन्हा मोळ्या उचलू लागते. बाळ बांधावरच्या झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर असते. अंगावर पाजण्याच्या वेळा मोळ्यांच्या खेपांवर ठरतात. पिण्याचे पाणी जवळच्या विहिरीचे किंवा कालव्याचे असते. आडोसा नसल्याने बाया पाणी कमी पितात आणि लघवीच्या जळजळीची तक्रार अंगावर काढतात.

अशा जागी तिसऱ्या दिवशी कोणी वजनकाटा आणि तापमापक घेऊन आले, बाळ दूध ओढते का, अंग गार लागते का, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेते का, नाळेला पू आहे का, एवढे पाहिले, तर पुढचा अनर्थ टळू शकतो. आईला ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, हे विचारावयासही पाच मिनिटे पुरतात. ही पाच मिनिटे न मिळाल्यामुळे होणारे नुकसान कोणत्याही साखर उताऱ्याच्या तक्त्यात दिसत नाही.

बाळंतपणानंतरही हे दुर्लक्ष चालूच राहिले तर काय होते, हे २०१९ मध्ये राज्यापुढे आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यामागची कारणे अनेक होती. परंतु पांढरे जाणे, पोटदुखी, अनियमित पाळी अशा साध्या उपचारांनी आवरता येणाऱ्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणी ऐकून घेतल्या नाहीत, ही गोष्ट त्या सर्वांच्या मुळाशी आहे. वेळीच दाराशी आलेली आरोग्यसेविका ही या शोकांतिकेवरील पहिला आणि सर्वांत स्वस्त इलाज ठरली असती.

हे अशक्य आहे काय ?

फिरत्या कुटुंबांपर्यंत पोहोचणे फार अवघड, असे म्हटले जाते. त्याला उत्तर पोलिओच्या मोहिमेने दिलेले आहे. या मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांची पाले, झोपडवस्त्या यांच्या वेगळ्या याद्या करण्यात आल्या. बसस्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर आणि चालत्या गाडीतही बाळांना थेंब पाजण्यात आले. बाळ कोणत्या गावचे, हे विचारण्याआधी त्याच्या बोटावर शाईची खूण आहे का, हे पाहिले जाई. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. दोन थेंबांसाठी जी कोपी सापडली, ती सहा भेटींसाठी सापडणार नाही, असे म्हणता येणार नाही.

इतर खात्यांनीही वाट काढलेली आहे. मुलांचे शिक्षण बुडू नये म्हणून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर चालविण्याचे काम ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केले आणि ते पुढे मुंबईतही आले. शिधापत्रिकेवरील धान्य आता देशात कोठेही घेता येते. स्थलांतरित माता आणि बालकांचा माग ठेवून त्यांना अंगणवाडीच्या सेवा नव्या ठिकाणी मिळाव्यात, यासाठी महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत संगणकीय नोंदीचा उपक्रम प्रायोगिक तत्त्वावर हाती घेतला. लसीकरणाच्या ‘यू-विन’ नोंदीमुळे एका गावी घेतलेली लस दुसऱ्या राज्यातील केंद्रातही पाहता येते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही स्थापन झालेले आहे. साधने आहेत. आता माणसाने माणसाच्या हाती काम सोपविण्याची कडी जोडावयाची आहे.

निघताना, पोहोचल्यावर

ही कडी कशी जोडता येईल ? पहिले काम निघण्याच्या गावी आहे. टोळ्या केव्हा निघणार, हे गावात सर्वांना ठाऊक असते. दसऱ्यापूर्वीच्या पंधरवड्यात आशाताईंनी जाणाऱ्या कुटुंबांतील गर्भवती, स्तनदा माता आणि दोन वर्षांखालील बालके यांची वेगळी यादी करावी. माता व बाल संरक्षण कार्ड पेटीत कुलूपबंद न राहता स्त्रीच्या सोबत जाईल, असे पाहावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले ते कार्ड कोपीत पावसा-दवातही टिकते. प्रसूतीची अपेक्षित तारीख, रक्तगट आणि पुढील लसीची तारीख त्यावर ठळक लिहावी. महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या आधीच द्याव्यात. मुकादमाचे नाव, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि कारखान्याचे नाव एवढे लिहून घेतले, तर त्या कुटुंबाचा पत्ता मिळाल्यासारखाच आहे.

दुसरे काम पोहोचण्याच्या ठिकाणी आहे. टोळी आली की तिची खबर सर्वांत आधी कारखान्याच्या शेती विभागाला असते. त्या विभागाची टोळ्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली, तर वैद्यकीय अधिकारी दर आठवड्याला कोणती कोपी कोणत्या आशाताईकडे, हे ठरवू शकतात. या कुटुंबांसाठी वेगळी नोंदवही असावी आणि त्यांना दिलेली भेट ही गावातील भेटीइतकीच मोबदल्यास पात्र धरली जावी. आपल्या यादीबाहेरच्या बाळासाठी तीन मैल चालणाऱ्या आशाताईंच्या पायपिटीचे मोल कागदावर उमटलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट वेळेची. सकाळी अकराला कोपीवर गेल्यास तेथे म्हातारी किंवा कुत्रे भेटते. आई भेटते ती सायंकाळी, नाहीतर फडाच्या बांधावर. गृहभेट या शब्दातील ‘गृह’ बांधावर असेल, तर भेटही बांधावर व्हावयास हवी. भेटीने खाडा पडणार नाही, एवढी खात्री झाली की बाया मोकळेपणाने बोलतात.

चौथी गोष्ट भाषेची. धडगाव-अक्कलकुव्याकडील आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दूरच्या कामांवर जातात. जव्हार-मोखाड्याकडील वारली आणि कातकरी वीटभट्ट्यांवर येतात. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कुटुंबे असतात. या मातांना आपली प्रमाण मराठी परकी वाटू शकते. म्हणून प्रत्येक टोळीतील आणि तळावरील एका जाणत्या स्त्रीला धोक्याची लक्षणे, १०२ आणि १०८ या रुग्णवाहिकांचे क्रमांक आणि जवळचे आरोग्य केंद्र यांची माहिती देऊन ठेवावी. ती कुटुंबाबरोबर प्रवास करते. आशाताई पोहोचेपर्यंत बाळावर तिचेच डोळे असतात. गडचिरोलीत गावातीलच स्त्री आरोग्यदूत झाली होती. फिरत्या गावाची आरोग्यदूत त्या फिरत्या गावातीलच असावी, हे ओघानेच आले.

घर कशाला म्हणावे

आपल्या कार्यालयीन भाषेत घर म्हणजे घर क्रमांक. ग्रामपंचायतीच्या नमुन्यात, मतदार यादीत, सर्वेक्षणाच्या तक्त्यात घर जागचे हलत नाही. लोकभाषेत मात्र घर मोजावयाचे ते चुलीवरून. वेगळी चूल म्हणजे वेगळे घर, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. हंगामात ती चूल तीन दगडांवर, उसाच्या फडाजवळ पेटते. तिच्यापाशी बाजरीची भाकरी थापली जाते, तेथेच मूल जन्माला येते, तेथेच ते पहिले तीन महिने वाढते. ते घर नव्हे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे ?

शासनाने गृहभेटीचे वेळापत्रक आखून दिलेले आहे. ते सर्व बाळांसाठी आहे. गावात राहिलेल्या बाळांपुरते नाही. येत्या हंगामात कोपीच्या दाराशी उभे राहून ‘ताई, आत येऊ का ?’ असे विचारणारी कोणी आली, आणि बाळाचे वजन करून कार्डावर त्या दिवसाचा आकडा लिहून गेली, तर पाडव्याला गावी परतणारी आई ते कार्ड आपल्या आशाताईंच्या हाती देईल. त्यावरील एकही रकाना रिकामा नसेल. एका आशाताईंनी सुरू केलेले काम दुसरीने मध्ये सांभाळले आणि पहिलीच्या हाती सुखरूप परत दिले, याची ती पावती असेल. त्या पावतीसाठी दसऱ्यापूर्वीच्या पंधरवड्यात यादीला हात घालावयाचा आहे.